शोनेन बॅटची वाट पाहणारी माणसं : 'पॅरानोइया एजंट'वर चर्चा (रहस्य फुटेल, सावधान)

दिवेलागण

अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) करणारा दिग्दर्शक सातोशी कोन म्हटलं की बोलणं त्याच्या चित्रपटांवर जातं आणि त्याने केलेली एकुलती एक टीव्ही मालिका बाजूला पडते. 'पॅरानोइया एजंट' २००४ साली फेब्रुवारी ते मे या काळात जपानच्या वाओवाओ या सशुल्क उपग्रह वाहिनीवर दाखवली गेली. मॅडहाउस स्टुडिओ, एकूण १३ भाग. आधीचे चित्रपट करताना सुचलेल्या, पण कुठल्याच गोष्टीत न बसलेल्या कल्पना कोनने इथे वापरल्या. ऐकून वाटेल की उरलंसुरलं एकत्र बांधलेलं गाठोडं असणार. मला मात्र ही त्याची सर्वांत धारदार निर्मिती वाटते. या मालिकेत एका विशिष्ट प्रकारची भीती आहे, आणि ती मला दुसऱ्या कुठल्याही अ‍ॅनिमेत भेटलेली नाही. त्याच भीतीबद्दल बोलायला हा धागा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. टोकियोच्या मुसाशिनो भागात राहणारी त्सुकिको सागी ही कार्टून पात्रांची चित्रकार आहे. तिने काढलेला मारोमी नावाचा गुलाबी कुत्रा देशभर गाजतोय. बाहुल्या, किल्ल्यांचे जुडगे, टी-शर्ट, जिकडे पाहावं तिकडे मारोमी. आता कंपनीला तिच्याकडून तसंच दुसरं पात्र हवंय, मुदत जवळ आलीय, आणि तिच्या हातून एक रेघ उमटत नाही. सहकाऱ्यांच्या नजरेत असूया आहे. अशा एका रात्री घरी जाताना तिच्यावर हल्ला होतो. हल्लेखोर शाळकरी वयाचा मुलगा. टोपी, पायात सोनेरी चाकांचे बूट, हातात वाकडी झालेली सोनेरी बेसबॉल बॅट. वर्तमानपत्रं त्याला 'शोनेन बॅट' (बॅटवाला मुलगा) म्हणायला लागतात. इकारी आणि मानिवा हे दोन पोलीस तपासाला लागतात, आणि त्यांना पहिली शंका येते ती हीच, की ही बाई खोटं बोलतेय.

इथपर्यंत ही साधी पोलीसकथा आहे. मग एकामागून एक माणसं मार खायला लागतात आणि त्यांच्यातला समान धागा दिसायला लागतो. शोनेन बॅट येतो तेव्हा ते माणूस पूर्ण कोंडीत सापडलेलं असतं. दुसऱ्या भागातला युइची हा शाळेतला सगळ्यांचा लाडका मुलगा. त्याच्याकडेही तसेच सोनेरी बूट आहेत म्हणून सगळी शाळा त्याच्याकडे संशयाने पाहायला लागते, आणि त्याची विद्यार्थी निवडणूक, त्याचं नाव, सगळं हातून निसटत जातं. चौथ्या भागातला हिरुकावा हा हवालदार गुंडांच्या पैशात इतका अडकलाय की त्यांची देणी भागवायला तो स्वतःच चोऱ्या करायला लागतो, आणि शेवटी कोणीतरी मला थांबवा म्हणून गयावया करतो. थांबवायला बॅटवाला मुलगा येतो. सहाव्या भागात त्याच हिरुकावाच्या मुलीला, ताएकोला, आपल्या खोलीत बापाने लपवलेला कॅमेरा सापडतो. भर वादळात ती घराबाहेर पडते. तिच्या डोक्यात बॅट बसते आणि तिची स्मृती जाते. तिला तेच हवं होतं. बाप आठवायला नको होता.

मार खाल्ल्यावर या माणसांच्या चेहऱ्यावर काय दिसतं ते नीट पाहा. सुटका दिसते. आता कोणी जाब विचारणार नाही, मुदत टळली, निवडणूक टळली, बाप टळला. डोक्याला पट्टी आणि सगळ्यांची सहानुभूती.

मला भीती वाटली ती इथे. राक्षस दारात येतो या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. इथे राक्षसाला आतून कोणीतरी हाक मारतंय. परीक्षेच्या आदल्या रात्री ताप यावा असं मनोमन म्हणणाऱ्या प्रत्येकाला ती हाक ओळखीची वाटेल. पहिल्या भागाची सुरुवातच पाहा. रस्त्यात, गाडीत, स्टेशनवर सगळे फोनवर कोणाला ना कोणाला सबबी सांगताहेत. तपासाचं उत्तर त्या गर्दीतच सांगून टाकलंय, फक्त तेव्हा ते कळत नाही.

दुसरी गोष्ट मारोमीची. तो त्सुकिकोशी बोलतो. तू दमलीस, आराम कर, तुझी काही चूक नाही. इतकं गोड, इतकं मऊ. उलगडा असा होतो की मारोमी आणि शोनेन बॅट एकाच दिवशी जन्मले. लहानपणी त्सुकिकोकडे मारोमी नावाचं पिल्लू होतं. फिरायला नेलं असताना तिच्या पोटात कळ आली, हातातली दोरी सुटली आणि पिल्लू गाडीखाली गेलं. वडील रागावतील या धास्तीने तिने सांगितलं की बॅट घेतलेल्या एका मुलाने हल्ला केला. कुरवाळणारा आणि मारणारा, दोघेही त्याच एका खोट्यातून आले. शेवटाकडे सगळ्या शहरातून मारोमी गायब होतो तेव्हा त्या मुलाचा काळा लोंढा होऊन टोकियो गिळत सुटतो. याचा अर्थ माझ्या मते सरळ आहे : त्या लोकांना मऊ उशीही लागत होती आणि बॅटही लागत होती, आणि दोन्ही एकाच कारणासाठी.

तुम्हाला काय वाटलं? कुठला भाग सर्वांत जास्त टोचला?

कातळवाट

सुंदर लिहिलंय. शीर्षकगीताचा उल्लेख राहिला, म्हणून मी भर घालते. सुसुमु हिरासावाचं संगीत. ताल एखाद्या विजयोत्सवाचा, गळा मोकळा सोडून गायलेलं, आणि पडद्यावर मालिकेतली एकेक पात्रं खदखदा हसताहेत. कोणी उंच इमारतीच्या कडेवर उभं राहून, कोणी पाण्यात बुडालेल्या शहरात, कोणाच्या मागे अणुस्फोटाचा ढग. मालिकेत दोन मिनिटंसुद्धा सुखाने न हसणारी ही माणसं सुरुवातीला अशी हसतात, आणि ते हसू दर भागाबरोबर जास्त असह्य होत जातं. मी शीर्षकगीतं पुढे ढकलणारी प्रेक्षक आहे. हे एकदाही ढकललं नाही.

आणि शेवटचं गीत अगदी उलट. अंगाईसारखं. प्रचंड मोठ्या मारोमीभोवती सगळे गाढ झोपलेले, आणि वरून पाहिलं तर ती झोपलेली माणसं मिळून प्रश्नचिन्ह होतं.

बारव

चाकांचा आवाज! मी हेडफोन लावून पाहिली. डांबरी रस्त्यावर त्या बुटांच्या चाकांची घरघर आधी एका कानात येते, मग दुसऱ्या. मुलगा दिसायच्या आधी आवाज येतो.

उंबरा

मी थोडा विरोधी सूर लावतो. पहिले सात भाग मला जबरदस्त वाटले. सातव्यात पकडलेला मुलगा कोठडीत मरतो, तो नुसता नक्कल करणारा होता हे कळतं, दोन्ही पोलिसांची नोकरी जाते. कथा कुठल्या कुठे पोचलेली. आणि मग आठ, नऊ, दहा हे तीन भाग एकदम वेगळ्याच माणसांचे. इकारी नाही, मानिवा नाही, त्सुकिको नाही. तेरा भागांच्या मालिकेत तीन भाग आडवाटेला घालवणं म्हणजे कल्पना संपल्या असा माझा समज झाला. तुम्हीच म्हणता उरलेल्या कल्पनांचं गाठोडं. ते इथे दिसतं.

दिवेलागण

उंबरा, तुमचा आक्षेप मी आधीही ऐकलाय, पण मला ते तीन भाग मालिकेचा कणा वाटतात. सातव्या भागात शोनेन बॅट हा कोणी माणूस नाही हे नक्की झालं. मग तो काय आहे? ते सांगायला कथेला त्सुकिकोपासून दूर जाणं भागच होतं. आता तो सगळ्यांचा झालाय.

नववा भाग आठवा. सदनिकांच्या इमारतीखाली बायका गप्पा मारताहेत, प्रत्येकीकडे शोनेन बॅटची एक ऐकीव गोष्ट आहे, आणि प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीवर कडी करणारी. नव्याने राहायला आलेल्या कामोहाराबाईंना त्यांच्यात जागा हवीय, पण त्यांची कुठलीच गोष्ट कोणाला पटत नाही. त्या घरी येतात तर नवरा रक्तबंबाळ होऊन पडलेला, शोनेन बॅटने मारलेला. आणि त्या रुग्णवाहिका बोलवायच्या ऐवजी त्याला विचारत बसतात, कसा दिसत होता, काय झालं, सगळं सांग. त्यांना अखेर स्वतःची गोष्ट मिळालेली असते. त्या प्रसंगाइतकं क्रूर मी क्वचितच काही पाहिलंय, आणि त्यात त्या बाईंचा राग येत नाही, हे आणखी वाईट.

दहाव्या भागाला तर मी माझ्या आवडीच्या यादीत सर्वांत वर ठेवतो. मारोमीवर टीव्ही मालिका बनवणाऱ्या स्टुडिओची गोष्ट. सारुता नावाचा एक नालायक निर्मिती सहायक वेळापत्रक बिघडवत जातो आणि एकेक कर्मचारी मरत जातो. मधेच गोंडस मारोमी येऊन समजावतो : दिग्दर्शक काय करतो, मूळ चित्रं कोण काढतं, रंग कोण ठरवतं. ही माहिती खरी आहे. अ‍ॅनिमेचं काम कसं चालतं हे त्यातून कळतं, आणि त्याच वेळी त्या कामात माणसं कशी पिळून निघतात हेही. शेवटी सारुता चित्रफीत घेऊन वाहिनीच्या दारात पोचतो, मेलेला. त्याच्या हातातली फीत तेवढी काढून घेतली जाते. कोनने आपल्याच व्यवसायाबद्दल याहून जास्त स्पष्ट बोलणं अवघड होतं.

साकव_

जपानमध्ये नोकरीनिमित्त राहते. या मालिकेचा काळ लक्षात घ्या, मग बऱ्याच गोष्टी जागेवर बसतात. नव्वदीच्या सुरुवातीला तिथला शेअर आणि जमिनींच्या किमतींचा फुगा फुटला आणि पुढची दहा वर्षं वाया गेली. १९९५ च्या जानेवारीत कोबेचा भूकंप, मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाने सोडलेला सरीन वायू. १९९८ पासून पुढची बरीच वर्षं देशातल्या आत्महत्यांचा आकडा वर्षाला ३०,००० च्या वर राहिला. इंटरनेटवर ओळख झालेल्या अनोळखी लोकांनी एकत्र जीव देण्याच्या घटना २००३-०४ च्या सुमारास बातम्यांमध्ये होत्या. आठवा भाग थेट त्यातून आलाय. रस्त्यात कोणावरही कारणाशिवाय हल्ला करणारा माणूस ही भीतीसुद्धा त्या समाजात खोल रुजलेली.

आणि याच काळात मन शांत करणाऱ्या गोंडस गोष्टींची लाट आली. रिलाक्कुमा हे आळसावलेलं अस्वल २००३ सालचं, म्हणजे मालिकेच्या आदल्याच वर्षीचं. इथे बँकेच्या पासबुकावर, पोलीस ठाण्याच्या फलकावर, रस्त्याच्या दुरुस्तीच्या कठड्यावरही कुठलं ना कुठलं गोंडस पात्र असतं. मला ती आवडतात, खोटं कशाला बोलू. ऑफिसमधून रात्री उशिरा घरी येताना दुकानाच्या खिडकीतलं मऊ अस्वल बरं वाटतं. म्हणूनच मारोमीचं 'आराम कर' हे वाक्य मला जास्त लागलं. तो खोटं सांगत नाही ना. त्सुकिको खरंच दमलेली आहे.

दिवेलागण

साकव_, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. मालिका दमलेल्या माणसांना दोष देत नाही. ती त्यांच्या दमण्याचं काय केलं जातं ते दाखवते.

गावकूस

अफवेवर कोणी बोललं नाही अजून. मी धुळ्याकडचा. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जे झालं ते आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. मुलं पळवणारी टोळी आलीय असे संदेश मोबाइलवर फिरत होते. भिक्षेकरी समाजातले पाच जण आठवडी बाजाराच्या दिवशी गावात आले, आणि जमावाने त्यांना ठार मारलं. टोळी नव्हतीच. नवव्या भागात त्या बायका एकीवर एक गोष्टी रचतात तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. त्याआधी २००१ च्या मे महिन्यात दिल्लीत 'काळा बंदर' या माकडमाणसाची अफवा होती. लोकांनी त्याला पाहिलं होतं, त्याचे ओरखडे दाखवले होते, त्याला घाबरून पळताना छतावरून पडून माणसं मेली. पकडलं कोणालाच नाही, कारण पकडायला कोणी नव्हतं.

बारा-तेरा भागांत शोनेन बॅटचा आकार वाढत जातो. आधी शाळकरी पोरगा, मग धिप्पाड, मग राक्षस, मग नुसता काळोख. माझ्या मते ही त्याची उंची अफवेने वाढवली. जितकी तोंडं तितका तो मोठा.

अर्धकोयता

गावकूस, उंचीबद्दल अगदी मान्य. पण राईनपाडा आणि शोनेन बॅट यांत एक मूलभूत फरक आहे आणि तो पुसू नये असं मला वाटतं. राईनपाड्यात अफवेने बळी घेतले ते बाहेरच्या, गरीब, निराधार माणसांचे. ज्यांनी अफवा मानली त्यांनी मार खाल्ला नाही. मालिकेत उलट आहे. जो गोष्ट मानतो, जो तिची गरज बाळगतो, त्याच्याच डोक्यात बॅट बसते. कोनचं जग या बाबतीत आपल्या जगापेक्षा न्यायी आहे. त्यामुळे समूहाच्या हिंसेचं चित्रण म्हणून मला मालिका अपुरी वाटते. एका माणसाच्या मनाचं चित्रण म्हणून मात्र तिला तोड नाही.

गावकूस

पटलं. एक सांगतो, पाचव्या भागातला कोझुका मात्र जिवंत माणसांवर खरी बॅट चालवतो. तो स्वतःला खेळातला योद्धा समजतोय आणि समोरच्याला मारून त्याच्यातल्या राक्षसापासून सोडवतोय. अफवा खरी मानून दुसऱ्याला मारणारा एक तरी माणूस मालिकेत आहे.

अर्धकोयता

हो, तो मुद्दा माझ्याकडून सुटला होता. त्या भागात चौकशी करणारे दोघे पोलीस त्याच्या खेळाच्या जगात ओढले जातात. तरुण मानिवा त्यात रमतो, जुना इकारी चिडत राहतो. पुढे दोघांचं जे होणार त्याचं बीज तिथेच पेरलंय.

निंबोणी

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून दोन गोष्टी.

एक, तिसरा भाग. हारुमी विद्यापीठात काम करणारी, लग्न ठरलेली मुलगी, आणि तिच्यातच राहणारी मारिया, जी रात्री वेश्याव्यवसाय करते. दोघी एकमेकींशी फोनवरच्या ध्वनिमुद्रित निरोपांतून बोलतात. नाट्य म्हणून अप्रतिम. पण व्यक्तिमत्त्वाचं असं विभाजन बहुतेकदा बालपणीच्या दीर्घ आघातातून येतं, आणि तो सगळा इतिहास इथे गाळलेला आहे. चांगली मुलगी आणि वाईट मुलगी असा दुभंग उरतो, आणि तो वापरून वापरून गुळगुळीत झालाय. इतक्या समजदार मालिकेत हा भाग मला उथळ वाटला.

दोन, आठवा भाग. तीन माणसं, एक म्हातारा, एक तरुण, एक लहान मुलगी, जीव देण्यासाठी एकत्र आलेली, आणि सगळं जवळपास विनोदी सुरात. एक वेळ अशी येते की त्यांना शोनेन बॅट दिसतो, ते आनंदाने त्याच्यामागे धावतात, आणि तोच घाबरून पळतो. त्याला ज्यावर जगायचं ती कोंडी या तिघांमध्ये उरलेलीच नाही. मग हळूहळू प्रेक्षकाच्या लक्षात येतं की त्यांच्या सावल्या पडत नाहीत. फार हुशारीने आणि मायेने केलेला भाग आहे. तरीही ज्यांचं मन सध्या ठीक नाही त्यांनी तो वगळावा, किंवा कोणाबरोबर बसून पाहावा. कथेचा मुख्य धागा त्याने तुटत नाही. आणि असे विचार येत असतील तर जवळच्या माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोला, मालिका थांबेल.

दिवेलागण

निंबोणीताई, धन्यवाद. इशारा मूळ लेखात असायला हवा असं वाटतंय, वर जोडतो.

कातळवाट

तिसऱ्या भागाबद्दल निंबोणीशी सहमत. पण चेहऱ्यांबद्दल एक म्हणायचंय. पात्ररचना मासाशी आंदोची. त्याने काढलेली माणसं साधी, थोडी कुरूप, थकलेली आहेत. डोळ्यांखाली काळं, दात पुढे, गालावर तेलकट चमक. मोठ्या चमकत्या डोळ्यांची मुलं-मुली पाहायची सवय असलेल्याला आधी खटकतं. पण हारुमी आणि मारिया यांच्या चेहऱ्यातला फरक त्याने जवळपास काहीच न बदलता दाखवलाय, जबड्याची ठेवण आणि नजर एवढ्यावर. तेवढ्यासाठी मी तो भाग पुन्हा पाहते.

वाटसरू_पुन्हा

मला शेवटच्या उलगड्याशी भांडायचंय. एका लहान मुलीच्या पोटात पाळीची कळ येते, हातातून दोरी सुटते, ती बापाच्या धाकाने खोटं बोलते, आणि त्यातून अख्खं टोकियो जमीनदोस्त होतं. या सगळ्या ओझ्याखाली एक मुलगी! ज्या बापाला खरं सांगायची भीती वाटली त्या बापाकडे कोणी वळून पाहत नाही. स्त्री म्हणून मला हे बोचलं.

साकव_

मी त्याकडे वेगळ्या बाजूने पाहते. त्सुकिकोचं खोटं लहान होतं, घाबरलेल्या मुलीचं. ते मोठं कोणी केलं? तिच्या मारोमीवर पैसा करणाऱ्या कंपनीने, बातम्या विकणाऱ्या वार्ताहराने, स्वतःच्या अडचणी त्या मुलावर ढकलणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने. पत्रकार कावाझुने गाडीने एका म्हाताऱ्याला जखमी केलंय, भरपाई द्यायची आहे, म्हणून तो त्सुकिकोच्या मागे लागलाय. ज्याच्या त्याच्या डोक्यावर स्वतःचं देणं आहे. मुलीने खोटं बोललं त्या दिवशी टोकियोला काही झालं नव्हतं.

वाटसरू_पुन्हा

हे ऐकून बरं वाटलं, पण बापाचा प्रश्न उरतोच. मालिकेत शेवटी माफी मागते ती तीच. पिल्लाला कवटाळून. त्या दृश्याने मला रडवलं, तरी मनात राहिलं की माफी एकीनेच का मागायची.

पिंपळपार

या वादात मिसाए इकारीचं नाव यायला हवं. अकरावा भाग.

इकारीची बायको. प्रकृती जन्मापासून अशक्त, मूल होऊ शकत नाही, शस्त्रक्रिया टांगणीवर. नवऱ्याची नोकरी गेलीय, तो रस्त्याच्या कामावर पहारेकऱ्याचं काम करतोय. म्हणजे कोंडीत सापडलेलं माणूस शोधायचं तर हीच. शोनेन बॅट तिच्या घरात येतो. आणि ती त्याला बसवून आपली कहाणी सांगते. लग्न, न झालेलं मूल, नवऱ्याचं तिला सांभाळणं, मरून जावंसं वाटलेले दिवस, सगळं शांतपणे. मग म्हणते की तुझी सुटका खोटी आहे, आणि मला ती नको. तो फुगत जातो, भिंती फोडायला निघतो, आणि तरी या काटकुळ्या बाईपुढे त्याचं काही चालत नाही.

या प्रसंगात हाणामारी नाही. स्वयंपाकघराच्या बाजूची छोटी खोली, एक आजारी बाई आणि एक राक्षस, आणि नुसतं बोलणं. वीस मिनिटं एखादं पात्र बोलत राहतं आणि तुम्ही श्वास रोखून ऐकता, हे अ‍ॅनिमेत किती वेळा होतं? वर दिवेलागण म्हणाले की माणसं राक्षसाला आतून हाक मारतात. हिने मारलेली हाक स्वतःच मागे घेतली. मालिकेतली सर्वांत दुबळी व्यक्ती सर्वांत बळकट निघते आणि त्याला कुठलंही संगीत, कुठलाही विजयध्वज जोडलेला नाही.

आणि त्याच वेळी तिचा नवरा, आयुष्यभर वास्तवाची भाषा बोलणारा रोखठोक पोलीस, कागदाच्या सपाट चित्रांसारख्या एका जुन्या काळच्या गावात हरवत जातोय, जिथे सगळे ओळखीचे आहेत आणि काहीच बदलत नाही. मला तो भाग इकारीसाठीच जास्त जिव्हारी लागला. आमच्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी पुरुष निवृत्तीनंतर त्याच गावात राहायला गेलेले मी पाहिलेत.

बारव

+१. आणि शेवटी बायकोच्या आठवणीनेच तो ते कागदी गाव बॅटने फोडून बाहेर येतो. इतक्या भागांत बॅटचा तेवढाच एक चांगला उपयोग.

उंबरा

पिंपळपार यांचं वाचून अकरावा भाग काल रात्री परत पाहिला. मग आठ-नऊ-दहाही पाहिले. माझं मत थोडं हललंय. नववा अजूनही मला लांबलेला वाटतो, त्यातल्या काही उपकथा ओढून आणलेल्या आहेत. पण दहाव्याबद्दलचं बोलणं मागे. आठव्यातलं शोनेन बॅटचं पळणं मला आधी विनोद म्हणून आठवत होतं. निंबोणींनी सांगितलेला अर्थ डोक्यात ठेवून पाहिलं तर अंगावर काटा येतो.

बाराव्यातल्या मानिवाबद्दल तुमचं काय मत? मला तो अजून कळलेला नाही.

दिवेलागण

मानिवा सत्याच्या इतका मागे लागतो की त्याचं स्वतःचं माणूसपण गळून पडतं. तो बाहुल्यांशी बोलतो, रेडिओच्या लहरी ऐकतो, अंगात झूल घालून राक्षसाचा माग काढतो. उत्तर त्यालाच सापडतं. पण ते घेऊन परत यायला त्याला जागा राहत नाही. पहिल्या भागात जमिनीवर खडूने गणितं लिहिणारा म्हातारा आठवतो ना? पुढच्या भागाची कोड्यात बोलून झलक देणाराही तोच. अखेरीस मानिवा त्याच्या जागी बसलेला दिसतो, गणित लिहीत. शहर पुन्हा उभं राहिलंय, पहिल्या भागातल्यासारखेच लोक फोनवर सबबी सांगताहेत, आणि दुकानांत नवं गोंडस पात्र आलंय, या वेळी मांजर. मानिवाला हे सगळं कळतं आणि त्याचं ऐकायला कोणी नाही.

माझ्या वाचनात इकारी आणि मानिवा मिळून एक पूर्ण पोलीस होतात. एकाला वास्तव सोडवत नव्हतं, तो स्वप्नात जाऊन परतला. दुसरा स्वप्नात गेला तो गेलाच.

चिंचबन७

नवीन सभासद. मी आजवर अ‍ॅनिमे म्हणजे टीव्हीवर हिंदीत लागणारं 'डोरेमॉन' आणि 'शिनचॅन' एवढंच पाहिलंय. भयकथा मात्र भरपूर वाचल्यात. ही मालिका थेट पाहू की आधी त्यांचा एखादा चित्रपट? आणि दुसरा हंगाम आहे का? घरात बारा वर्षांची भाची आहे, तिला आवडेल का?

कातळवाट

भाचीबरोबर नको. दुसऱ्या भागात शाळेतली मुलं दिसतात म्हणून फसायला होतं, पण तिसरा, चौथा, सहावा आणि आठवा भाग मोठ्यांसाठीच आहेत. दुसरा हंगाम नाही. कोन २४ ऑगस्ट २०१० ला स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले, वय अवघं ४६. हातातला चित्रपटही अपुरा राहिला. कथा तेराव्या भागात पूर्ण होते, त्यामुळे चिंता नाही.

दिवेलागण

चिंचबन७, स्वागत. भयकथा वाचायची सवय असेल तर थेट मालिकेनेच सुरुवात करा, आणि जपानी आवाज ठेवून उपशीर्षकांसह पाहा. पहिले दोन भाग एका बैठकीत, मग रोज एक. सगळे एकदम पाहिले तर मधल्या स्वतंत्र कथांची चव एकमेकींत मिसळते. कोनचा 'पर्फेक्ट ब्लू' हा चित्रपट त्यानंतर. तिथे एक गायिका अभिनेत्री होते आणि तिला स्वतःचीच ओळख पटेनाशी होते. हिंसा मालिकेपेक्षा उघडी आहे, तेव्हा तयारीने पाहा. सहाव्या भागापर्यंत पोचलात की इथे लिहा, ताएकोबद्दल अजून कोणीच नीट बोललेलं नाही आणि मला बोलायचंय.